खोट्या आगीला खरं पाणी

हरिबा बंब चालू करायचा तो सोहळा डोळे मिटून ऐकण्यासारखा असायचा. आधी बॉनेटवर दोन थापा. "चल गं बाय, ड्यूटी हाय." मग किल्ली. बंब पहिल्यांदा दमेकऱ्यासारखा खोकायचा, मग घसा खाकरायचा, आणि तिसऱ्या खेपेला सगळं अंग हलवून असा गुरगुरायचा की नगरपालिकेच्या कौलांवरची कबुतरं उठायची. हा आवाज मला हुबेहूब काढता येतो. एकदा भर दुपारी तो काढला, तर समोरच्या शालूबाई घागर घेऊन धावत बाहेर आल्या. रस्ता रिकामा बघून त्या मला जे काय बोलल्या तेही मला हुबेहूब काढता येतं, पण इथं लिहिता येत नाही.

आता बंब म्हणजे आगीचा. त्याच्या आवाजाला घागर कशाला? परगावचा माणूस इथंच अडतो. आमचे नवे फायर ऑफिसरही इथंच अडले, आणि त्यात हरिबाची नोकरी जाता जाता... राहिली म्हणायची की गेली म्हणायची, हे खुद्द हरिबालाच बरेच दिवस कळलं नव्हतं.

हरिबा आमच्या शहरातल्या एकुलत्या एका बंबाचा ड्रायव्हर. शहर म्हणायचं ते नगरपालिका आहे म्हणून. विट्यापासून एसटीनं पाऊण तास. बसमध्ये डुलकी लागली तर माणूस आमचं शहर ओलांडून पुढं जातो. हरिबा उंच, मानेत वाकलेला, मिशी दोन्ही बाजूंनी ओघळलेली. पलटणीत ट्रक चालवलेला, बासष्टला बर्फात गाडी घातलेली. त्यामुळं त्याच्या तोंडात दोन भाषा. साहेब समोर आला की टाचा जुळवून, "गाडी तैयार हाय, सर!" आणि साहेबाची पाठ वळली की, "तैयार म्हंजी काय, टायर बघितलास का गड्या? माझ्या टकलावानी झालंय."

आमच्याकडं आग लागायची वर्षातून दोन-तीनदा, कुणाच्या गंजीला नाहीतर गोठ्याला. बाकीचे दिवस हरिबा बंब पुसायचा आणि पितळेची घंटा चिंचेनं घासायचा.

मग बहात्तर साल आलं. आड आटले, नळाला नुसता वारा यायला लागला. नगरपालिकेनं बंबात पाणी भरून गल्लोगल्ली द्यायचं ठरवलं. घंटा वाजली की बायकांनी हंडे-घागरी घेऊन चौकात यायचं, रांग धरायची, हरिबानं तोटी सोडायची. दीड वर्ष हेच. त्या दीड वर्षात आग एकदा आणि पाणी रोज. तेव्हापासून घंटा ऐकली की आमच्या बायकांचा हात आपोआप घागरीकडं जातो. चुलीवर दूध उतू जात असलं तरी आधी घागर.

हरिबाचाही एक अवयव असाच बिघडला होता, उजवा पाय. घागर घेतलेली बाई दिसली की तो पाय ब्रेकवर जायचा. त्याची एक गोष्ट तो ज्याला त्याला सांगायचा. बहात्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी भरलेला बंब कुठल्याशा बंगल्यावर न्यायचा हुकूम झाला. तिथं पाहुणे होते. वाटेत थांबायचं नाही. चावडीच्या चौकात बायकांनी नुसता दंगा केला, हरिबाच्या सात पिढ्या काढल्या. त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण सगळ्यात पुढं तानुबाई उभी होती. तानुबाई धनगराची, पूर्वेकडच्या माळावरून आलेली. निम्मी मेंढरं वाटेतच संपली, उरलेली इथं येऊन विकली. तिनं कमरेवरची घागर खाली ठेवली आणि बंबाकडं बघत राहिली. एक शब्द बोलली नाही.

"वरडली आसती तर बरं झालं आसतं," हरिबा बायकोला, राहीबाईला, त्या दिवशी म्हणाला, आणि पुढं दोन वर्षं, एक तानुबाई सोडून, सगळ्या गावाला म्हणत राहिला. "गप ऱ्हायली ना, ते लय लागलं मला."

चौऱ्याहत्तरच्या मार्चात आमच्याकडं दोन नवे साहेब आले आणि गोंधळ सुरू झाला.

पहिले फौजदार लालासाहेब. साताऱ्याकडून बदलून आलेले, तालमीतलं शरीर आणि ढोलासारखा आवाज. त्यांना वरून लेखी हुकूम आला होता की जनतेशी स्नेहाचे संबंध जोडावेत. लालासाहेबांनी तो मनावर घेतला आणि जीप घेऊन घरोघरी स्नेह जोडायला निघाले. आमच्या गल्लीत जीप शिरली तशी तीन मिनिटांत गल्ली रिकामी. कुत्रंसुद्धा ओसरीखाली. लालासाहेबांनी शालूबाईंच्या दारावर थाप मारली.

"उघडा! घाबरायचं काही कारण नाही! आम्ही तुमचे मित्र आहोत! आलं का ध्यानात?"

आतून शालूबाई, "मालक घरात न्हाईत. त्यांनी काय बी केलेलं न्हाई. आन केलं आसलं तर मला ठावं न्हाई."

"आम्ही नुसते चहाला आलोय, बाई!"

दाराची फट जराशी किलकिली झाली. मग हळूच, "कुणाच्या चहाला?"

"तुमच्या!"

"आवं पर आमी केलंय तरी काय?"

शेवटी चहा झाला. लालासाहेब बशीत ओतून प्याले, मुलांच्या शाळेची चौकशी केली, आणि उठताना म्हणाले, "काही अडचण असली तर सांगा." शालूबाईंचे मालक माळ्यावरून सगळं ऐकत होते. जीप गेल्यावर ते खाली उतरले आणि दोन दिवस विचार करत होते की आपण नक्की कुठल्या केसमध्ये सापडलोय.

दुसरे साहेब फायर ऑफिसर गावंडे. नागपूरकडचे, आगीचं शिक्षण तिकडंच घेतलेले, बारीक अंगाचे, गळ्यात शिट्टी आणि हातात थांबवता येणारं घड्याळ. त्यांची भाषा ऐकून माझ्यातल्या नकलाकाराला दिवाळी आल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी त्यांनी हरिबाला बोलावलं.

"हे पहा हरिबा, आग काही आपली वाट पाहून नाही राहत. समजलं नं? इथून बाजारच्या मैदानापर्यंत सव्वा मैल आहे. सहा मिनिटांत बंब पोचला पाहिजे. चला, घंटा वाजवा, मी घड्याळ पाहून राहिलो."

हरिबानं टाचा जुळवल्या, थापा मारल्या, घंटा वाजवली. गावंडे साहेब सायकलवरून पुढं मैदानात जाऊन उभे राहिले. सहा मिनिटं झाली. दहा झाली. वीस झाली. एकतिसाव्या मिनिटाला बंब आला, खडखड आवाज करत.

"काहून इतका वेळ लागला हो?"

"तीन ठेसनं घेतली, सर. मारुतीचा पार, चावडी, आन मोमीन गल्ली."

"स्टेशनं? बरं, पाणी सोडा."

"पानी खलास, सर."

"खलास म्हणजे? सहाशे गॅलन पाणी होतं नं टाकीत?"

"व्हय, सर. दिलं."

"कोणाले दिलं?"

"ज्येंच्याकडं घागर हुती त्यास्नी."

गावंडे साहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. "हरिबा, ही आगीची गाडी आहे का पाणपोई आहे?"

हरिबानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "तसं बघाय गेलं तर, सर, दोनी."

साहेबांना तो उद्धटपणा वाटला. तो नव्हता. पण कचेरीत परतताच साहेबांनी हुकमाचा कागद काढला. एक मेला मैदानात झेंडावंदन, त्यानंतर प्रांतसाहेबांसमोर आगीचं प्रात्यक्षिक. त्या दिवशी बंब सहा मिनिटांत भरलेल्या टाकीनिशी पोचला नाही, तर बंबावर दुसरा ड्रायव्हर आणि हरिबा जकात नाक्यावर. पावत्या फाडायला.

हरिबा घरी येऊन नुसता बसला. राहीबाई म्हणाली, "नाका तर नाका. पगार त्योच हाय न्हवं?"

"पगाराचं कोन बोलतंय? नाक्याला चाकं न्हाईत, राही."

गंमत अशी की दोन्ही साहेबांना जे हवं होतं ते हरिबाकडं आधीच होतं. लालासाहेब ज्या ओळखीसाठी बशाबशांनी चहा पीत फिरत होते ती हरिबाला घंटा वाजवली की मिळायची. पण साहेबांना वाटायचं, ओळख आहे म्हणूनच तर हा माणूस कामाचा नाही. सकाळी लालासाहेब सांगायचे, "हरिबा, लोकांशी गोड बोल." दुपारी गावंडे सांगायचे, "हरिबा, लोकांले बाजूले करा." हरिबा दोघांनाही "जी, सर" म्हणायचा आणि संध्याकाळी पारावर येऊन विचारायचा, "आरं, गोड बोलून बाजूला कसं करत्यात? कुनी केलंय का?"

कुणी केलेलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी दोघं साहेब मिळून गल्लोगल्ली आले. लालासाहेब मोठ्यानं, गावंडे हळू. गावंडे म्हणाले, "पाहा, मैदानात आम्ही एक झोपडी बांधणार. मग तिले आग लावणार. मग बंब येणार आणि विझवणार. तुम्ही फक्त रस्ता मोकळा ठेवा."

तानुबाईनं पदर सावरत विचारलं, "झोपडी कुनाची?"

"कोणाचीच नाही. कडब्याची. प्रात्यक्षिकासाठी."

"आन तुमीच पेटवनार?"

"होय."

"आन तुमीच इझवनार?"

"होय नं."

"सम्दं पानी वतून?"

"सगळं."

तानुबाई शालूबाईंकडं वळली. "आगं, हे सायब काय म्हनत्यात बघ. खोट्या आगीला खरं पानी!"

पुरुषांना कडब्याचं जास्त लागलं. कडबा जाळायचा? चौऱ्याहत्तर सालात? ज्या गावात दोन वर्षांपूर्वी गुरं छावणीवर सोडावी लागली होती तिथं? पण सगळे "व्हय, सायेब" म्हणाले. आमच्याकडं लोक एवढं पटकन व्हय म्हणाले की समजावं काहीतरी चुकतंय. हे गावंडे साहेबांना ठाऊक नव्हतं. लालासाहेबांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी जाता जाता गडगडून सांगितलं, "बंब अडला तर हरिबा नाक्यावर जाणार! आलं का ध्यानात?"

ते मात्र सगळ्यांच्या ध्यानात आलं. साहेब गेल्यावर तानुबाई मारुतीच्या पाराजवळ बायकांना म्हणाली, "त्या दिशी कुनी त्वांड उघडायचं न्हाई. मदी यायचं न्हाई. त्येच्या पोटाचं हाय."

"आन घागरी?" शालूबाईंनी विचारलं.

तानुबाईनं थोडा विचार केला. "घागरी ऱ्हाऊ द्या संगं. परसंग काय सांगून येतो व्हय?"

एक मेला पहाटेच मैदानात कडब्याची झोपडी उभी राहिली. चांगली मोठी, चार बांबूंवर. राखणीला हवालदार जोतीराम. त्याला लालासाहेबांचा हुकूम, "कुणी हात लावला तर अडवायचं. पण गोड बोलून."

जोतीराम गोड बोलत होता. "आगं मावशे, नगं ना नेऊ. सरकारी झोपडी हाय."

"येकच पेंढी नेती रं, म्हशीला काय बी न्हाई."

"बरं, येकच. परत यायचं न्हाई."

ती परत आली नाही, तिची जाऊ आली. मग जावेचा दीर. झेंडावंदनाला माणसं जमायला लागली तशी प्रत्येकजण झोपडीला वळसा घालून यायचा आणि झोपडी बारीक व्हायची. झेंडा वर गेला तेव्हा तिची खोपी झाली होती. जन गण मन संपेपर्यंत खोपीची छत्री झाली. जोतीराम सगळ्यांशी गोडच बोलत होता.

तिकडं बंबाजवळ हरिबा सकाळपासून तयार. टाकी काठोकाठ. घंटा अशी घासलेली की तोंड दिसावं. मैदानात शिट्टी झाली, पोलिसानं झेंडी दाखवली, हरिबानं थापा मारल्या. "चल गं बाय. आज थांबायचं न्हाई."

घंटा वाजवत बंब मारुतीच्या पाराशी आला. रस्ता मोकळा! दोन्ही बाजूंना बायका घागरी घेऊन उभ्या, पण भिंतीला चिकटून, ओठ मिटून. हरिबाचा पाय थरथरला. त्यानं दात खाल्ले आणि गाडी पुढं घातली. मग चावडीचा चौक. तिथं शंभर-सव्वाशे बायका, पुढं तानुबाई, आणि आवाज नाही. कुणी हाक मारेना, कुणी शिवी देईना, लेकरूसुद्धा रडेना. तानुबाईनं घागर खाली ठेवली होती.

करकचून ब्रेक लागला. हरिबा दार उघडून खाली उतरला, तोंड पांढरं पडलेलं.

"काय झालं? कोन गेलं?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"आरं कुनी न्हाई गेलं!" तानुबाई दातांतल्या दातांत म्हणाली. "जा की!"

"मग अशा गप का?"

"तुज्यासाटीच गप हाओत, मुडद्या! जा! नाक्यावर बसायचं हाय व्हय?"

हरिबा धावत चढला. बंब एकदा खोकला, दोनदा खाकरला, तिसऱ्यांदा गुरगुरला. मागून सगळ्या बायका धावत निघाल्या, कारण आता गप उभं राहायचं काम संपलं होतं आणि घंटा तर चालूच होती.

मैदानात वेगळाच घोटाळा झाला होता. शिट्टी झाल्याबरोबर गावंडे साहेबांनी उरलेल्या कडब्याला काडी लावली. जेमतेम चार पेंढ्या होत्या. धूर निघाला न निघाला तोच तात्याबा नावाचे ऐंशीचे म्हातारे गर्दीतून काठी टेकत आले, पायताणानं ती आग विझवली, वाचलेल्या पेंढ्या काखेत मारल्या आणि जाऊन बसले. कुणी अडवावं तर कसं? जोतीराम म्हणाला, "आजा, नगं ना," पण गोड.

तेवढ्यात बंब आला. गावंडे साहेबांनी घड्याळ दाबलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. त्यांनी ते हरिबाला दाखवलं. हरिबानं मान खाली घातली.

खुर्चीवरून प्रांतसाहेबांनी विचारलं, "आग कुठे आहे?"

चार बांबू उभे होते. गावंडे साहेब बांबूंच्या मागंही बघून आले. लालासाहेब पुढं झाले. "विझली, सर!"

"बंब यायच्या आधी? कोणी विझवली?"

"जनतेनं, सर!" लालासाहेब गरजले. हे तसं खरंच होतं.

आणि त्याच क्षणी मैदानाच्या तोंडातून बायका आत आल्या. शंभर-सव्वाशे, प्रत्येकीकडं घागर. दीड वर्षाची सवय, बंब दिसला तशी आपसूक रांग लागली, सरळ, एकीमागं एक, कुणाला सांगावं लागलं नाही. प्रांतसाहेब खुर्चीतून उठलेच.

"वा! हे नागरिकांचं पथक का? इतकी शिस्त! गावंडे, दोन महिन्यांत तुम्ही एवढं केलंत?"

गावंडे साहेब खरा माणूस. ते म्हणाले, "नाही, सर, ह्या बाया तर..." लालासाहेबांनी इतक्या जोरात सलाम ठोकला की पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.

"पथकाचा प्रमुख कोण?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

बायकांनी बोट दाखवलं, सगळ्यांनी एकदम. हरिबा मागं वळून बघायला लागला की आपल्यामागं कोण उभं आहे.

"चालू द्या प्रात्यक्षिक," प्रांतसाहेब म्हणाले.

हरिबानं गावंडे साहेबांकडं बघितलं. साहेबांनी बांबूंकडं, रांगेकडं, घड्याळाकडं बघितलं आणि खांदे उडवले. हरिबानं तोटी सोडली. घागरी भरायला लागल्या. भरलेली घागर डोक्यावर घेऊन बाई झोपडीच्या दिशेनं जाईल अशी प्रांतसाहेब वाट बघत होते. ती घराकडं निघाली. दुसरीही. तिसरीही.

"पाणी कुठे नेतायत त्या?"

"आपापल्या घरी, सर," लालासाहेब म्हणाले. "आग लागायच्या आधीच पाणी घरात तयार असावं. नवी पद्धत आहे."

प्रांतसाहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आठवड्यानं कागद आला. हरिबा तो घेऊन पारावर आला आणि मला म्हणाला, "वाच. पर सरकारी आवाजात नगं, साध्या आवाजात वाच." कागदच सरकारी आवाजात होता. 'सदर कर्मचाऱ्यास विद्यमान पदावर कायम ठेवून नागरिक अग्निसंरक्षण पथकाचे जादा कामकाज सोपविण्यात येत असून, दर शनिवारी भरलेल्या टाकीनिशी सराव घेण्यात यावा. पोचण्यास झालेल्या विलंबाबाबत सक्त ताकीद देण्यात येत आहे.'

"म्हंजी मी नाक्यावर का बंबावर?"

"बंबावर."

"मग ताकीद कशाची?"

"उशिराची."

"आन सराव कशाचा? आग न्हाई तर?"

ते कागदात नव्हतं. हरिबानं कागद उलटा करून मागंही बघितलं.

शनिवारी घंटा वाजली. गावंडे साहेब घड्याळ घेऊन स्वतः चावडीच्या चौकात उभे, एकेक घागर किती सेकंदांत भरते ते लिहीत होते. दुसऱ्या शनिवारी त्यांनी लिहिणं सोडलं. तिसऱ्या शनिवारी एका म्हातारीची घागर उचलून तिच्या डोक्यावर ठेवताना म्हणाले, "दमानं जा गं, आजे." अक्षरन् अक्षर आमचं. आणि हरिबा तोटी आवळत म्हणाला, "पाहून राहिलो, सर." दोघांनाही आपण काय बोललो ते कळलं नाही. मी मात्र दोन्ही आवाज पाठ करून ठेवले.

त्याच शनिवारी तानुबाईची पाळी आली तेव्हा हरिबानं तोटी सोडली आणि दोन वर्षं तिला न विचारलेलं एकदाचं विचारलं.

"तानुबाई, बहात्तर साली ह्याच चौकात मी न थांबता गेलो. सम्द्या वरडल्या. तू गप ऱ्हायलीस. का गं?"

"कवा?"

"उनाळ्यात. बंगल्यावर बंब न्हेत हुतो. तू घागर खाली ठिवलीस आन बघत ऱ्हायलीस."

तानुबाईनं डोळे बारीक केले, खूप लांबचं आठवत राहिली. मग तिचं तोंड उजळलं.

"त्या दिशी व्हय! आरं, दाढ सुजली हुती माजी. त्वांडच उघडंना."

हरिबा तिच्याकडं बघत उभा राहिला. घागर भरली, काठावरून पाणी सांडायला लागलं, रांगेतल्या बायका ओरडायला लागल्या, "आरं तोटी! तोटी बंद कर की!" तरी तो बघतच उभा होता.